सातवी जागा

व्यापारी घरात नवे वाहन घ्यायचे ठरले की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : किंमत किती आणि लिटरला किती जाते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या वजनकाट्याशी प्रामाणिक राहून चार पैसे साठवले, त्याने खर्च करतानाही काटा हातात धरावा, यात वावगे काही नाही. परंतु सात माणसांची गाडी घेताना तिसराही एक प्रश्न असतो आणि तो माहितीपत्रकात छापलेला नसतो. सातव्या जागेवर कोण बसणार? बारामतीच्या एका कुटुंबाने गेल्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, अशी गाडी घेतली. त्या खरेदीआधीचे दीड महिने आणि नंतरचे चार महिने या घराने जे पाहिले, मोजले आणि अनुभवले, ते गाडी घेऊ पाहणाऱ्या अनेक घरांना उपयोगी पडावे असे आहे.

कुटुंब आठ माणसांचे. भाऊ, म्हणजे घरातील कर्ते, सदुसष्ट वर्षांचे. धान्य-कडधान्याची पेढी त्यांच्या एकट्याच्या मालकीची. त्यांच्या पत्नीला नातवंडांमुळे सारे घर आता आजीच म्हणते. दोन चिरंजीव, दोन सुना, थोरल्याचा चौदा वर्षांचा मुलगा आणि धाकट्याची पाच वर्षांची मुलगी. पेढी सहसा बंद ठेवायची नाही हा घराचा जुना शिरस्ता, म्हणून प्रवासाला निघताना एक भाऊ गादीवर राहतो आणि सात जण निघतात. जुनी गाडी पाच जणांची. त्यामुळे गेली काही वर्षे एक तर भाड्याची जीप करावी लागे, नाही तर कोणी तरी घरी थांबे. थांबणारी व्यक्ती बहुधा आजीच असे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जीपच्या उंच पायरीवर पाय ठेवणे त्यांना जमत नसे आणि जुन्या गाडीच्या खोल आसनातून उठणेही जमत नसे. कुंथलगिरीचे दर्शन त्यांना चार वर्षांत घडलेले नव्हते. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ‘तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा,’ एवढेच त्या म्हणत.

गाडी बदलायची हे श्रावणात ठरले. कोणती घ्यायची यावर मात्र घरात दोन मते झाली. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे असे, की एका मोठ्या गाडीच्या पैशात दोन छोट्या गाड्या येतात. त्यांच्या बाजूने हिशेबही होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि त्याशिवाय २२ टक्क्यांपर्यंत उपकर होता. आता उपकर जाऊन सरळ ४० टक्के झाला. मोठी गाडीही स्वस्त झाली, पण शंभर रुपयांच्या मालावर चाळीस रुपये कर आणि अठरा रुपये कर यांतील अंतर व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. दोन गाड्या असल्या तर प्रत्येक भावाला आपल्या वेळेनुसार बाहेर पडता येईल, कोणाला कोणासाठी थांबावे लागणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

थोरल्या चिरंजीवांनी दुसरी बाजू मांडली. दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन देखभाली, दोन ठिकाणी जागा. शिवाय दोन्ही गाड्या घेऊन सहकुटुंब निघायचे तर दोन्ही भाऊ चालक म्हणून लागणार. मग पेढीवर कोण बसणार? वाद आवाज न चढता झाला, पण झाला. घरातील स्त्रियांना त्यात गाडीपेक्षा वेगळेच काही ऐकू येत होते. दोन गाड्यांनंतर दोन स्वयंपाकघरे व्हायला फार काळ लागत नाही, हे त्यांनी नात्यागोत्यात पाहिले होते.

भाऊ या चर्चेत बोलले नाहीत, याचे कारण मुलांना ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी भाऊंनी परिग्रहाचे परिमाण करून घेतले होते आणि त्यात आपल्या नावावर चारचाकी एकच, अशी मर्यादा होती. हे व्रत त्यांचे स्वतःचे होते. मुलांवर त्यांनी ते कधी लादले नाही. परंतु दोन गाड्या घ्यायच्या तर निदान एक गाडी मुलाच्या नावावर, मुलाच्या खात्यातून घ्यावी लागणार होती. एका पेढीच्या, एका चोपडीच्या घरात ती पहिली वेगळी नोंद ठरली असती. पंधरा दिवसांनी धाकट्या चिरंजीवांनीच संध्याकाळच्या जेवणानंतर सांगितले, ‘आधी मोठी गाडी चालवून पाहू. आई तिच्यात नीट बसू शकल्या नाहीत, तर पुन्हा विचार करू.’ अट योग्य होती आणि ती सर्वांनी मान्य केली.

मग पाहणी सुरू झाली. तिन्ही रांगांच्या आसनांच्या गाड्यांत सध्या बऱ्याच आहेत. त्यांतील टाटा सफारी, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या तीन गाड्या या कुटुंबाने जवळून पाहिल्या. हायक्रॉसचे पेट्रोल-विजेचे दुहेरी इंजिन शहरात कमी इंधन खाते आणि तिची तिसरी रांग ऐसपैस. पण ती घराच्या अंदाजपत्रकाबाहेर गेली. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० दोन्ही पुणे परिसरात तयार होणाऱ्या, दोन्हींचा सुरक्षेचा लौकिक चांगला. शेवटी एक्सयूव्ही ७०० ठरली, ती आजींच्या बसण्यावरून.

पाहणीला जाताना थोरल्या सूनबाईंनी एक शहाणपण केले. माहितीपत्रकातील मापे त्यांनी घरच्या फाटकाशी ताडून पाहिली. ही गाडी ४,६९५ मिलिमीटर लांब आणि १,८९० मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे साडेपंधरा फुटांच्या जवळपास लांबी आणि बाजूचे आरसे सोडून सव्वासहा फुटांच्या आसपास रुंदी. घराचे जुने फाटक सात फुटांचे. आरसे मिटले तर गाडी आत जाईल, उघडे राहिले तर घासेल, हे टेपने मोजल्यावर आधीच कळले. महावीर पथावर बाजाराच्या वेळी एवढी रुंद गाडी नेणे शहाणपणाचे नाही, हेही त्याच दिवशी ठरले. गाडी घेतल्यावर फाटक पाडणारी घरे अनेक आहेत. फाटक मोजून गाडी घेणारी थोडी.

चाचणीची फेरी बहुतेक विक्रेते दहा मिनिटांत उरकतात. चालवणारा आणि विक्रेता असे दोघेच पुढे बसतात, सरळ गुळगुळीत रस्त्यावर एक वळसा होतो आणि गाडी परत येते. अशा फेरीत गाडीचा वेग कळतो, घर कळत नाही. या कुटुंबाने सात जण घेऊनच फेरी होईल असे सांगितले. विक्रेत्याला ते फारसे रुचले नाही, पण तो तयार झाला. भिगवण रस्त्याने बाहेर पडून औद्योगिक वसाहतीतील गतिरोधकांवरून, नंतर एका खडबडीत उपरस्त्याने आणि परत, अशी पाऊण तासाची फेरी झाली.

पहिली परीक्षा आजींची. उंच गाडी म्हणजे गुडघेदुखीला वाईट, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात तो निम्माच खरा निघाला. आसन कमरेच्या उंचीवर असल्याने आजींना खाली वाकावे लागले नाही. दाराकडे पाठ करून त्या आधी टेकल्या आणि मग पाय आत घेतले. उतरतानाही आसनातून उठण्याचा त्रास वाचला. अडचण होती ती जमिनीपासून आसनापर्यंतच्या उंचीची. त्यावर घरातील एक बसका लाकडी पाट कामाला आला. तो पाट आता गाडीतच असतो. बाजूला बसवण्याच्या पायऱ्या विकत मिळतात, पण त्या अरुंद असल्या तर वृद्धांचा पाय निसटू शकतो. घरात वृद्ध असतील त्यांनी गाडी पाहायला जाताना वृद्धांनाच न्यावे. त्यांच्या वतीने दुसऱ्याने बसून पाहणे व्यर्थ आहे.

दुसरी परीक्षा तिसऱ्या रांगेची, आणि ती देण्याचे काम कोणी न सांगता धाकट्या सूनबाईंकडे गेले. घरांत असे होते. पुढची जागा मानाची, मधली सोयीची आणि मागची उरलेल्याची. उरलेली व्यक्ती कोण हे कोणी ठरवत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. मधले आसन दुमडून त्या मागे गेल्या. पाऊण तासाने उतरल्यावर भाऊंनी त्यांना सर्वांसमोर विचारले, ‘सूनबाई, मागे कसे वाटले?’ असा प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला जात होता, त्यामुळे त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही परीक्षणात शोभावे इतके नेमके होते. मागे जमीन उंच असल्याने गुडघे वर येतात. तासभर ठीक, चार तास अवघड. गतिरोधकाचा धक्का पुढच्यापेक्षा मागे जास्त लागतो. थंड हवा मागेपर्यंत येते ही चांगली गोष्ट. आणि मधल्या रांगेतील माणूस उतरल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नाही.

हे वर्णन या एकाच गाडीचे नाही. या आकाराच्या बहुतेक सात आसनी गाड्यांची तिसरी रांग मुलांसाठी आणि जवळच्या प्रवासासाठीच असते. तिन्ही रांगा उभ्या केल्या की मागे सामानाला जागाही थोडीच उरते. म्हणून नुसते ‘सात आसनी’ हे शब्द वाचून सात प्रौढांच्या लांबच्या प्रवासाची आशा धरू नये. भाऊंनी तेथेच नियम सांगितला : मागची जागा कोणा एकाची नाही. जाताना जो मागे, तो येताना पुढे. हा नियम मुलांनाही, भाऊंनाही. भाऊ स्वतः पहिल्या प्रवासात परतीच्या वाटेवर टेंभुर्णीपर्यंत मागे बसले. त्यानंतर त्या नियमावर कोणी हसले नाही.

फेरीत आणखी एक गोष्ट घडली. विक्रेत्याने किल्ली अर्थातच थोरल्या चिरंजीवांच्या हाती दिली होती. परतताना भाऊ म्हणाले, ‘आता सूनबाईंना चालवू द्या.’ दोन्ही सुना परवानाधारक, पण जुन्या गाडीवर बाजारापुरत्याच. थोरल्या सूनबाईंनी गाडी चालवली आणि आपोआप गिअर बदलणारा प्रकार घ्यायचा हे त्या दहा मिनिटांत ठरून गेले. त्याला पैसे अधिक पडतात. पण सात जणांच्या गाडीला घरातील चार जण चालक मिळाले, तर रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली असता कोणाची वाट पाहावी लागत नाही.

विक्रेत्याला विचारलेला एक प्रश्न त्याला नवीन होता : आसनांना चामडे खरे आहे की कृत्रिम? त्याने ‘लेदर आहे, उत्तम आहे’ असे अभिमानाने सांगितले. या घरासाठी ते उत्तम नव्हते. माहितीपत्रक बारकाईने वाचल्यावर आसनांसाठी ‘लेदरेट’ म्हणजे कृत्रिम चामडे असे छापलेले आढळले; बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकच समजले जातात. पण आसने कृत्रिम असली तरी सुकाणूचक्रावर किंवा गिअरच्या दांड्यावर खरे चामडे मढवलेले असू शकते. प्रत्येक कंपनीत आणि प्रत्येक प्रकारात हे वेगळे असते. ज्यांना या गोष्टीचे महत्त्व वाटते त्यांनी आसने, सुकाणू, गिअरचा दांडा आणि दारावरील अस्तर या चारही ठिकाणांबद्दल विचारावे आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

इंजिन पेट्रोल की डिझेल, हा निर्णय सध्या पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. जो रोज घर ते दुकान दोन किलोमीटर जातो आणि इंजिन तापण्याआधीच बंद करतो, त्याच्या गाडीत ही गाळणी तुंबते आणि खर्च निघतो. अशांनी पेट्रोल घ्यावे. या घरात पेढीवर जाणे-येणे दुचाकीवर होते. चारचाकी आठवड्यातून एकदा पुण्याला जाते. शंभर किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. त्यामुळे येथे डिझेल योग्य ठरले. २.२ लिटरचे हे इंजिन वरच्या प्रकारांत १८५ अश्वशक्तीचे आहे आणि आपोआप गिअरच्या गाडीत ४५० न्यूटन-मीटर इतका जोर देते. आकडे बाजूला ठेवले तरी सात माणसे बसवून चढण चढताना इंजिन धापा टाकत नाही, हे दिवे घाटात पहिल्याच आठवड्यात कळले.

आता हिशेबाचे. गाडीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट व्यापाऱ्याला मिळते असा गैरसमज अजूनही आहे. चालकासह तेरा जणांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर ती मिळत नाही. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक आणि वाहन शिकवणे या धंद्यांनाच ती सूट आहे. मात्र गाडी धंद्याच्या वापरात असेल तर वजावट न घेतलेल्या करासह तिच्या किमतीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरता येतो; घरगुती वापराचा हिस्सा प्रामाणिकपणे वगळावा लागतो. येथे तारखेचे महत्त्व आहे. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, रस्त्यावर आलेली गाडी ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरते. धनत्रयोदशीपर्यंत थांबले असते तर साडेसात टक्क्यांवर समाधान मानावे लागले असते. भाऊंनी मुहूर्त पाहिला तो असा, दोन्ही पंचांगांतून.

नोंदणीच्या वेळी रस्ता कराचाही विचार करावा. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीवर किमतीनुसार १३ ते १५ टक्के आणि पेट्रोल गाडीवर ११ ते १३ टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर नोंदणी केल्यास तो २० टक्के होतो. पेढी भाऊंच्या वैयक्तिक मालकीची असल्याने हा भार पडला नाही. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जमा धरून घ्यावा. अनेक जण तो विसरतात. विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा लागेल, असे या कुटुंबालाही सांगण्यात आले होते. तसे बंधन नाही. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. थोरल्या चिरंजीवांनी बाहेरून दोन दरपत्रके आणून गल्ल्यावर ठेवली, तेव्हा विक्रेत्याचा दर खाली आला.

सुरक्षेविषयी मात्र काटकसर करू नये. या गाडीला नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. पण हे तारे पट्टा बांधलेल्यांसाठी असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती. तिचा उपयोग झाला नाही. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे, परंतु आपल्या घरांत मागे बसतात त्या बहुधा स्त्रिया, वृद्ध आणि मुले, आणि त्यांच्या पट्ट्याकडे कोणी पाहत नाही. आजींनीही सुरुवातीला ‘मला कोंडल्यासारखे होते’ म्हणून नकार दिला. पाच वर्षांच्या नातीने उपाय केला. तिला तिच्या खास आसनात पट्ट्याने बांधलेले असते. ‘आजी बांधेल तेव्हाच मी बांधीन’ असे ती म्हणाली. आता आजी पदर सारखा करून पट्टा स्वतःच ओढून घेतात. तो पोटावरून न घेता कमरेच्या हाडावरून घ्यावा, हे त्यांना दाखवावे लागले.

बसण्याची व्यवस्थाही विचारपूर्वक ठरवावी लागली. मुलीचे खास आसन मधल्या रांगेत उजवीकडे, कारण त्याचे पक्के खिळे तेथे आहेत. आजी डावीकडे, म्हणजे उतरताना रस्त्याच्या कडेला पाय पडतो, धावत्या वाहनांकडे नाही. तिसऱ्या रांगेतील दोघे आधी चढतात, शेवटी उतरतात. हे लिहिताना क्षुल्लक वाटते. प्रत्येक चहापाण्याच्या थांब्यावर ते क्षुल्लक राहत नाही.

नोव्हेंबरात, चातुर्मास संपल्यावर, पहिला मोठा प्रवास कुंथलगिरीचा झाला. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी अशी वाट. त्या दिवसांत या पट्ट्यात ऊसतोडणी ऐन भरात असते. कारखान्यांकडे निघालेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता व्यापतात. पुष्कळांच्या मागे दिवा नसतो, परावर्तक नसतो. गाडीच्या वरच्या प्रकारात समोरचे वाहन ओळखून सावध करणारी, प्रसंगी ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. महामार्गावर तिचा उपयोग झाला. पट्टे पुसलेल्या अरुंद रस्त्यावर मात्र सुकाणूला आपोआप सावरणारी सोय बंद ठेवणेच बरे, असे दोन्ही भावांचे मत पडले. यंत्रणा मदतनीस आहे, चालक नव्हे. माहितीपुस्तिकाही जबाबदारी चालकावरच ठेवते. अंधारातील उसाच्या ट्रॉलीवर सर्वांत खात्रीचा उपाय घरात आधीपासूनच होता. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे. पहाटे डबे भरून, उकळलेले पाणी घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला रस्त्यावर राहायचे नाही. ज्या शिस्तीला मुले कधी कधी जुनाट म्हणतात, तीच प्रवासातील मोठी सुरक्षा ठरली.

बार्शीच्या अलीकडे, सूर्य वर आल्यावर, रस्त्याच्या कडेने विहार करणारा मुनिसंघ दिसला. चातुर्मासानंतर असे संघ पुन्हा पायी निघतात आणि भरधाव वाहनांमुळे विहारात होणारे अपघात ही समाजाची जुनी व्यथा आहे. त्या वेळी धाकट्या सूनबाई चालवत होत्या. उंच, रुंद, बंद काचांच्या गाडीत ऐंशीचा वेग चाळीससारखा वाटतो. बाजूने चालणाऱ्याला मात्र तो ऐंशीचाच लागतो. त्यांनी दूरवरूनच वेग कमी केला, समोरून ट्रॅक्टर येत होता म्हणून ओलांडण्याची घाई केली नाही आणि रस्ता मोकळा होईपर्यंत गाडी मागे थांबवली. मागून हॉर्न वाजले. आजींनी काच खाली करून हात जोडले. आपल्या गाडीची रुंदी सव्वासहा फूट आहे याची जाणीव चालकाने प्रत्येक पायी माणसाजवळून जाताना ठेवावी. तो मुनी असो, वारकरी असो की ऊसतोड मजूर, त्याच्याजवळ पत्रा नाही.

तीर्थक्षेत्री गाडी थांबली तेव्हा नातवाने आधी पाट काढला. आजी उतरल्या आणि काही न बोलता टेकडीकडे पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी पेढीवर धाकटे चिरंजीव होते. दुपारी त्यांनी फोन करून विचारले ते गाडी किती धावली असे नव्हे, ‘आई नीट उतरल्या ना?’ असे.

चार महिन्यांत गाडी सहा हजार किलोमीटर चालली आहे. महामार्गावर लिटरला पंधराच्या आसपास आणि गावात त्याहून बरेच कमी जाते. जुनी गाडी विकली, कारण भाऊंच्या परिमाणात दोन बसत नव्हत्या. गैरसोयीही आहेत. गावात गाडी लावायला जागा शोधावी लागते, तिसऱ्या रांगेतील प्रवास अजूनही दमवणारा आहे आणि सामान मऊ पिशव्यांत भरावे लागते. धाकट्या चिरंजीवांना आजही दोन छोट्या गाड्यांचा हिशेब अधिक बरोबर वाटतो आणि कागदावर तो चुकीचा नाही. मात्र गाडीच्या कप्प्यात ठेवलेल्या वहीत डिझेल, टोल आणि हवेचा दाब यांच्या नोंदींशेजारी एक रकाना त्यांनीच आखला आहे : ‘मागे कोण’. प्रत्येक प्रवासाला तेथे दोन नावे लिहिली जातात, जाताना एक आणि येताना एक. त्या रकान्यात आजवर एकच नाव सलग दोनदा आलेले नाही.